पेंडुरकर नानांची मोहीम

पेंडुरकर नानांची मोहीम शेवटपर्यंत निघाली नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाचणाऱ्याने उगाच आशा लावून बसू नये. त्या मोहिमेची तयारी मी वर्षानुवर्षं पाहिली. उंट ठरले, खेचरं ठरली, पाण्याच्या पखाली ठरल्या, खिंडीच्या तोंडावरची चौकी कुणी धरायची तेही ठरलं. कूच तेवढं व्हायचं राहिलं. "नाना, निघा हो आता एकदाचे," असं मी म्हणालो की ते चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघायचे. "दामले, घाईघाईने गेलेल्या फौजा परत येत नसतात. वाचलंय मी."

फौज शिशाची होती, एकेक शिपाई बोटाच्या दोन पेरांएवढा. खिंड गोणपाट सरसात भिजवून केलेली. ज्या देशावर स्वारी करायची तो देश नकाशात कुठेच नव्हता. नानांनी तो स्वतः काढला होता, वाया गेलेल्या छपाईच्या कागदामागे, नद्या निळ्या आणि डोंगर विटकरी पेन्सिलीने. काबूलच्या अलीकडे आणि सिंधूच्या पलीकडे कुठेतरी तो आहे, असं ते सांगायचे. काळ व्हिक्टोरिया राणीचा. साल विचारलं तर म्हणायचे, "तारेचे खांब आलेत, पण खिंडीपर्यंत पोचले नाहीत. समजून घ्या."

नाना गिरगावात आमच्या छापखान्यात जुळणी खात्याचे फोरमन होते आणि मी तिथे प्रुफं तपासायचो. अंगाने किरकोळ, पायात पायजमा, डोक्यावर काळी टोपी आणि बोटांची टोकं शाईने कायमची काळी. माणूस मूळचा मालवणकडचा. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. जुळाऱ्यांना ते रागवायचे तेही चूक सांगितल्यासारखं नव्हे, वेळ विचारल्यासारखं. महायुद्धात काही वर्षं ते देवळालीला लष्कराच्या छापखान्यात होते. तिथे काविळीने खाटेला खिळलेला एक इंग्रज कप्तान पांघरुणावर आगकाड्या मांडून एकटाच लढाया खेळायचा. नाना त्याच्याकडे प्रुफं घेऊन जायचे आणि उभ्या उभ्या बघायचे. काविळीच्या माणसाला कुणीतरी बोलायला हवं असतं. साहेबाने त्यांना खेळ शिकवला आणि विलायतेला परत जाताना दोन जाडजूड पुस्तकं देऊन गेला. अफगाण, सुदानी, झुलू, ज्या ज्या लोकांच्या घरात इंग्रज बंदूक घेऊन शिरला त्या सगळ्यांच्या लढाया त्यात होत्या, नकाशांसकट. इतर लोकांनी युद्धातून घड्याळं आणली, ब्लँकेटं आणली. नानांनी हे आणलं.

शिसं छापखान्यातलं. झिजलेले, मोडलेले खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, मालक ओताऱ्याकडे परत पाठवत, त्यातले मूठभर मालकांना विचारून नाना घरी न्यायचे आणि रविवारी सकाळी शेगडीवर पळीत वितळवून प्लास्टरच्या साच्यात ओतायचे. खोलीभर धूर. नानांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पदर नाकाला लावून गॅलरीत जाऊन बसायच्या आणि तिथून मला सांगायच्या, "घरचा झाला थोडा आणि व्याह्यान् धाडला घोडा! आणि हे घोडे तर ह्येंनी सोताच ओतलेले." मालक त्याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायचे. नाना हसायचे. एकदा तळहातावर एक शिपाई ठेवून मला म्हणाले, "ह्या पलटणीत लग्नपत्रिकाच फार वितळल्यात. म्हणून जरा हसऱ्या तोंडाची आली असेल."

दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात टेबल कुठलं असायला. बाहेरच्या खोलीतला लाकडी पलंग भिंतीपासून ओढला, गादी गुंडाळली की ती रणभूमी. पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला इंग्रजी पलटण, तिला नाना 'टोपी' म्हणायचे. दाराकडच्या बाजूला डोंगरातले लोक, ते 'पटका'. खेळणारा एकच, त्यामुळे नाना एकदा इकडे बसत, मग उठून, पलंगाला वळसा घालून तिकडे बसत. बसल्या जागेवरून हात लांबवून दुसऱ्या बाजूची सोंगटी हलवणं त्यांना मंजूर नव्हतं. "तिथे जाऊन बसल्याशिवाय त्याला काय दिसतं ते कळत नाही," म्हणायचे. आणि तिथे बसूनही मनात आधीच्या बाजूचा बेत असतोच, म्हणून पटक्याने काय करायचं ते चिठ्ठीवर सोडलेलं. बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या होत्या: पाणी तोडा, वाट अडवा, गप्प बसा, तहाचा निरोप धाडा. डोळे मिटून एक काढायची. चिठ्ठी निघाली की तक्रार नाही, हा त्या घरातला सर्वांत मोठा कायदा होता.

हा कायदा किती कडक, ते एका मे महिन्यात दिसलं. मालवणहून वहिनींचा भाऊ बायकापोरांसह आला. झोपायला पलंग हवा. वहिनींनी दोन्हीकडची फौज एका पोह्याच्या डब्यात भरली आणि खिंड घडी घालून माळ्यावर टाकली. नाना संध्याकाळी घरी आले, पलंगावर मेहुणे घोरत होते. दुसरा कुणी असता तर बायकोशी भांडला असता. नानांनी थोडा वेळ उभं राहून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी छापखान्यात मला सांगितलं, "भूकंप झाला. दोन्हीकडचं नुकसान आहे." आणि खरोखर त्यांनी सगळा बेत पहिल्यापासून आखायला घेतला, खिंडीची वाट बुजली असं धरून.

ही वळसा घालण्याची सवय पलंगापुरती राहिली असती तर ठीक होतं. माणूस छापखान्यातही तसाच होता. आमच्याकडे तावडे आणि शिर्के नावाचे दोन जुळारी शेजारी शेजारी उभे राहायचे आणि मधल्या खिडकीवरून भांडायचे. तावड्याला वाऱ्याने खोकला येई, शिर्क्याचा उकाड्याने जीव जाई. प्रकरण नानांकडे आलं. नाना तावड्याच्या जागेवर जाऊन बराच वेळ उभे राहिले. मग शिर्क्याच्या जागेवर उभे राहिले. मग पुन्हा तावड्याच्या. शेवटी म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे," आणि खिडकी अर्धी उघडी ठेवली. त्यामुळे तावडे खोकत राहिला, शिर्के घामाने निथळत राहिला, आणि दोघांची दिलजमाई झाली ती नानांना शिव्या घालण्यापुरती.

मोहीम का निघत नव्हती त्याचं कारणही हेच. टोपीच्या बाजूने बेत पक्का झाला की नाना उठून पटक्याकडे जात आणि तिथून त्यात भोक दिसे. ते बुजवायला परत इकडे. मग पटक्याचा बेत पक्का होई, आणि त्यात टोपीला भोक दिसे. त्यांना जिंकायचं नव्हतंच. नानांना एकच गोष्ट हवी होती, खिंडीत गेलेली माणसं खिंडीतून परत आली पाहिजेत. साहेबाच्या पुस्तकांत पानोपानी तेच होतं: जाताना बँड वाजवत गेलेली पलटण, येताना बर्फात, दगडांत, सुऱ्यांखाली संपलेली. "दामले, ही माणसं लढताना मेलेलीच नाहीत," ते म्हणायचे. "मागे फिरताना मेली. एक पळाला की दुसरा पळतो, रांग मोडते, आणि पाठीत भाला. जे खडकाला पाठ लावून उभे राहिले ते बहुतेक वाचले." नानांच्या खेळात हा नियमच होता. पाठ झाकून उभा असलेला शिपाई फाशावर सहा पडल्याशिवाय मरायचा नाही. पळणाऱ्याला तीन पुरे होत.

मला ह्या सगळ्याची गंमत वाटायची. आज वाटत नाही.

नानांना एकच मुलगा. वसंता. कॉलेजात होता, बापासारखाच काटकुळा, पण आवाज मात्र आईचा, खणखणीत. खेळाला तो हसायचा आणि तरी पटक्याची सगळी माणसं त्यानेच रंगवलेली होती. टोपीचे शिपाई एका रंगाचे. डोंगरातला प्रत्येक माणूस त्याने वेगळा रंगवला, एकाचा अंगरखा दुसऱ्यासारखा नाही. "ही काय भाड्याने आणलेली माणसं आहेत का बाबा? आपापल्या घरातून निघालीत," असं म्हणाला होता. नानांनी हे वाक्य मला दहादा तरी सांगितलं असेल, प्रत्येक वेळी नवीन असल्यासारखं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा गिरगावात दुसरं बोलणं नव्हतं. मुंबई महाराष्ट्राची, एवढं एकच वाक्य प्रत्येक जिन्यावर, प्रत्येक पानपट्टीवर. आमच्या छापखान्यात पत्रकं निघायची आणि वसंता ती शाई वाळायच्या आत घेऊन जायचा. बाप जुळवायचा, मुलगा वाटायचा. एके दुपारी गठ्ठा बांधता बांधता त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, खरं सांगा. मुंबई आपली की नाही?"

"आपलीच," नाना म्हणाले. "त्यात काय विचारायचंय. पण दिल्लीतल्या माणसाच्या जागी बसून बघितलं तर—"

"नका बघू हो! एकदा तरी नका बघू!" वसंता ओरडला. "तुम्हाला स्वतःची बाजू आहे की नाही?"

तावडे-शिर्के खुसखुसून हसले. नाना गोंधळून हसले. मुलगा गठ्ठा खांद्यावर टाकून निघून गेला आणि नाना बराच वेळ दाराकडे बघत होते. मग म्हणाले, "चिडला की अगदी आपल्या आजीसारखा दिसतो." बापाला अभिमान वाटत होता. तो त्यांना लपवताही येत नव्हता.

मग त्या हिवाळ्यात पोलिसांचे गोळीबार सुरू झाले. त्या दिवसांची हकीगत मी सांगायला नको, गिरगाव, लालबाग, परळातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. शहर बंद, छापखाना बंद, रस्त्यावर दगडांचा खच. वसंता आमच्या जवळच्याच नाक्यावर गेला. संध्याकाळी त्याला खाटेवर घालून आणलं.

त्याच्याबरोबरच्या मुलांनी जे सांगितलं ते तासाभरात सगळ्या वाडीत पसरलं. पहिल्या फैरीला सगळे पळाले. गल्ल्या होत्या, बोळ होते, जिने होते. ज्याला जे मिळालं त्यात तो शिरला. वसंता तेवढा पळाला नाही. बंद दुकानाच्या फळ्यांना पाठ लावून, ताठ, समोर बघत उभा राहिला. मुलांनी हाका मारल्या. त्याने मान हलवली आणि जागचा हलला नाही. दुसरी फैर त्याला छातीत लागली. वाडीतली माणसं रडत होती आणि रडता रडता त्यांच्या माना ताठ होत होत्या. असा मरतो मर्द, असं कुणीतरी म्हणालं आणि ते वाक्य टिकलं.

मी समाचाराला गेलो तेव्हा पलंग भिंतीला लावलेला होता आणि नाना जमिनीवर बसले होते. खोलीत बायका होत्या, कुणीतरी त्या गोळी घालणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं. नानांनी एकदम मान वर केली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तोही घाबरलेला असणार. समोर सगळे पळताहेत आणि एकच जण उभा राहून बघतोय. त्याच्या जागी उभं राहिलं तर…"

ते वाक्य वहिनींनी पुरं होऊ दिलं नाही. आतल्या खोलीतून त्या बाहेर आल्या, केस सुटलेले, आणि मी त्या बाईंचा तसा आवाज आधी ऐकला नव्हता. "त्येच्या जागेर जाव नका!" त्या म्हणाल्या. "आज तरी जाव नका! माझ्या झिलाच्या बाजून बसा, एकदा तरी बसा!"

नानांनी मान खाली घातली. मला त्या क्षणी नानांचा राग आला होता. ते तसं का बोलत होते ते कळायला आणखी काही दिवस जायचे होते.

दिवसकार्य झाल्यावर नाना कामावर आले. जुळवलेली पानं चौकटीत आवळून फर्मा बांधायच्या लोखंडी टेबलाशी दोघंच होतो. त्यांनी हातातली चौकट आवळायची चावी खाली ठेवली.

"दामले, तो उभा का राहिला, ठाऊक आहे तुम्हाला?"

"शूर होता तो, नाना."

"मी सांगितलं होतं त्याला."

मला कळेना. ते सांगत गेले, अडखळत नव्हे, खेळाचे नियम सांगायचे तसंच सावकाश. त्या सकाळी वसंता चपला घालत होता. जाऊ नकोस म्हणून तो ऐकणार नव्हता. म्हणून बापाने त्याला बसवलं आणि आपल्याला येत होतं तेवढं सगळं शिकवलं. गोळीबार झाला तर पळू नकोस. पळणारे मरतात. गर्दीत धावू नकोस, भिंत बघ, भिंतीला पाठ लाव आणि उभा राहा. घाबरून हलू नकोस. पुस्तकांतून, चिठ्ठ्यांतून, एवढ्या वर्षांच्या तयारीतून त्यांना कळलेली एकच खात्रीची गोष्ट त्यांनी मुलाला दिली. वसंता हसला नाही त्या दिवशी. "बरं बाबा," म्हणाला.

"नियम बरोबर होता," नाना म्हणाले. "पण तो भाल्यांसाठी होता. सुऱ्यांसाठी. समोर बंदूक असली तर उलटं असतं, दामले. बंदुकीपुढे जो उभा राहतो तो जातो आणि पळतो तो वाचतो. पटक्याचे लोक फैर झाली की खडकाआड पांगायचे, तेही त्याच पुस्तकात आहे. मला येत होतं ते. खिडकीकडे बसून त्याला सांगितलं मी. टोपीचा नियम सांगितला. आणि पोरगं दाराकडच्या, पटक्याच्या बाजूला उभं होतं."

त्यांनी चावी उचलली, पुन्हा ठेवली. "सगळ्या जन्मात त्या एका सकाळी मी वळसा घातला नाही."

माणसाने काय बोलावं अशा वेळी? तुमचा काय दोष, नशीब, कुणाच्या हातात असतं, मी जे जे बोलायचं ते बोललो. नाना ऐकून घेत होते, पण त्यांना ते नको होतं. त्यांना कुणीतरी 'हो, तुमच्यामुळे गेला' असं म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणणारं माणूस सबंध गिरगावात नव्हतं. "हिला ठाऊक नाही," ते म्हणाले. "ती म्हणते, माझा झील वाघासारखा उभा राहिला. त्याच्यावर ती दिवस काढते. ते मी कसं काढून घेऊ? आणि न सांगता तिच्या हातचं जेवू कसा?"

पुढची चार वर्षं मी त्यांना ह्या प्रश्नाबरोबर बघितलं. खेळ बंद झाला. फौज कुठे गेली मी विचारलं नाही. छापखान्यात कुणी भांडण घेऊन आलं की नाना म्हणायचे, "मला विचारू नका," आणि खणांतले खिळे बघत बसायचे. कित्येकदा सकाळी येताच ते मला म्हणत, "आज सांगतो तिला," आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघायचं टाळत. वसंताच्या फोटोला वहिनी रोज हार घालत. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या सांगायच्या, पळाला नाही असा जगात एकच पोरगा होता, तो माझा. नाना तेव्हा उठून गॅलरीत जायचे. एका छताखाली दोन माणसं एकाच मुलाला रडत होती आणि रडणं दोघांचं वेगवेगळं होतं. मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं, बसवत नसे.

मग महाराष्ट्र झाला. मुंबईसह झाला. गिरगावात घराघरावर कंदील, गल्लीगल्लीत पताका, ढोल-ताशे. आमच्या वाडीच्या तोंडाशी सभा होती आणि हुतात्म्यांच्या आईवडिलांचा सत्कार होता. नानांनी नाही म्हणून बघितलं. वहिनींनी ठेवणीतलं लुगडं काढलं तेव्हा तेही उठून टोपी घालायला लागले. मीही सोबत गेलो.

व्यासपीठावर तिघं-चौघं बोलले. शेवटचा वक्ता तरुण होता, चांगला बोलणारा. त्याने वसंताचं मरण असं उभं केलं की पुढच्या रांगेतली माणसं डोळे पुसायला लागली. गोळ्यांच्या वर्षावात एक पाऊल मागे घेतलं नाही, म्हणाला. कुठून आणलं हे धैर्य ह्या मुलाने? त्याच्या पित्याकडे बघा. शाल, श्रीफळ झालं आणि मग त्याने ध्वनिक्षेपक नानांसमोर धरला. दोन शब्द बोला नाना.

नानांनी वहिनींकडे बघितलं नाही. समोर बघत, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तो शूर म्हणून उभा राहिला नव्हता. मी त्याला पळू नकोस म्हणून सांगितलं होतं. म्हणून उभा राहिला. पळाला असता तर आज असता."

आणि मग टाळ्या. सुरुवातीला दोन-चार, मग सगळी वाडी. माणसं उठून उभी राहिली. असा बाप म्हणून असा मुलगा, असं कुणीतरी मागून ओरडलं आणि जयजयकार सुरू झाला. नाना हात हलवून नाही नाही म्हणत होते, "ऐका, तसं नव्हे, चुकलं माझं," असं काहीतरी बोलत होते, पण ध्वनिक्षेपक एव्हाना त्या तरुणाच्या हातात गेला होता. लोकांना वाटलं, म्हातारा विनयाने नको म्हणतोय. टाळ्या वाढल्या. इतकं मोठं खोटं कुणीच मुद्दाम बोलत नव्हतं, आणि त्यातून त्यांना सोडवणारं कुणी नव्हतं.

परतताना मी शाल आणि नारळ घेऊन मागे होतो. दिव्यांच्या माळांखालून ते दोघं चालले होते, वहिनी दोन पावलं पुढे. चाळीच्या दाराशी नाना थांबले आणि म्हणाले, "ऐकलंस ना? खरं होतं ते. तुला सांगायचं धाडस होत नव्हतं."

वहिनीही थांबल्या. वळल्या नाहीत.

"माका ठाऊक होता," त्या म्हणाल्या. "तुमी तेका सांगत होतास तेव्हा मी भायर चाय घेवन येय होतंय. दारातच थांबलंय. सगळा ऐकलंय." आणि मग, "माका वाटला, बापूस बरोबर सांगता. मी मदी पडाक नाय."

त्यांनी लुगड्याचा काठ सावरला आणि जिना चढू लागल्या. नाना खालीच उभे राहिले. एवढी वर्षं ते एकटेच ते ओझं उचलत आहेत असं त्यांना वाटत होतं, आणि ती बाई त्याच घरात, रोज हार घालत, तेच उचलत होती. दोघांना मिळून ते हलकं व्हायला हवं होतं. तसं काही झालेलं मला दिसलं नाही.

तेवढ्यात सभेतली पोरं गुलाल उधळत त्या बाजूने आली. त्यांनी नानांना ओळखलं. वसंताचे बाबा, वसंताचे बाबा, म्हणत एकेक जण त्यांच्या पाया पडायला वाकू लागला. मी नारळ हातात धरून बाजूला उभा होतो. पोरं वाकत होती, पायाला लावलेला हात कपाळाला लावत होती, आणि नाना, पाय मागे घ्यायचंही विसरून, वर जिन्याकडे बघत होते, जिथून वहिनी केव्हाच दिसेनाशा झाल्या होत्या.